अंगावर उठतं ते पित्त आणि रिपोर्टातलं पित्त

पत्र थोडक्यात असं. तासगाव तालुक्यातल्या एका गावातून एका मुलीने लिहिलंय (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). वय २६, पहिलंच बाळंतपण, चौतीसावा आठवडा चालू. माहेरी आलीये, सासर कोरेगावकडचं, नवरा चाकणला कंपनीत. तीन आठवडे झाले, रात्री तळहात आणि तळपायांना इतकी खाज सुटते की झोप नाही, अंगावर मात्र पुरळबिरळ काही नाही. आई म्हणते पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. सासूबाई फोनवरून म्हणतात उष्णता झालीये. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बाइल ॲसिड ५२, एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते एन्झाइम) १४०, बिलिरुबिन नॉर्मल. त्यांनी उर्सोच्या गोळ्या दिल्या, दर आठवड्याला तपासणी सांगितली आणि ३८व्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण करू म्हणाले. सासूबाईंना हे पटत नाही. डोळे पिवळे नाहीत मग लिव्हरचं औषध कशाला, आणि दिवस भरायच्या आधी बाळ कशाला काढायचं, थोरल्या जावेचं असंच लवकर सिझर झालं आणि बाळ आठ दिवस काचेत होतं. त्यापेक्षा ओळखीतला एक माणूस काविळीची माळ देतो ती घाल म्हणतात. नवरा म्हणतो आई म्हणते तसं कर. तिचा प्रश्न: कुणाचं ऐकू, आणि डोहाळ्यात मिसळ, वडापाव फार खाल्लं त्यानेच हे झालं का?

अगं, आधी तो मिसळीचा विषय संपवून टाकू. तू चार वेळा मिसळ खाल्लीस की चाळीस वेळा, त्या ५२ च्या आकड्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी ह्या खाण्यावर आहेत, मी मोजल्या, अकरा. आणि रिपोर्टवर दोन. हे उलट असायला हवं होतं.

मी डॉक्टर नाही हे नेहमीसारखं सांगते, बायोकेमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा गोळी द्यायचं काम माझं नाही पण त्या कागदावर लिहिलंय ते नेमकं काय हे सांगू शकते.

सगळा घोळ शब्दाचा आहे बघ. आपल्याकडे पित्त हा एकच शब्द किती कामं करतो. उपाशी राहिल्यावर छातीत जळजळतं ते पित्त. सकाळी कडूजहर उलटी झाली की पित्त पडलं. अंगावर लाल गांधी उठल्या की पित्त उठलं, डोकं दुखलं तर पित्ताचं, आणि नवरा तापट असला तर त्याचं पित्त खवळतं. ह्यातली जळजळ पोटातल्या ॲसिडची, गांधी बऱ्याचदा ॲलर्जीच्या, लिव्हर बिचारं त्यात कुठेच नाही. आणि लिव्हरमधून जो हिरवट पिवळा रस आतड्यात उतरतो त्यालाही शाळेच्या पुस्तकात पित्तरस म्हणतात, तुझ्या रिपोर्टातलं बाइल ॲसिड त्या रसातलं. म्हणजे गंमत अशी की आई 'पित्त' म्हणतेय ते शब्दशः खरंय, फक्त तिच्या मनातलं पित्त वेगळं आणि रिपोर्टातलं वेगळं. आमसुलाचं पाणी गांधींसाठी असतं आणि तुझ्या अंगावर एकही गांध नाही. खाजवून पडलेले ओरखडे सोडले तर कातडी साफ, जोर तळहात तळपायांवर, रात्री जास्त, शेवटच्या तीन महिन्यांत सुरू झालेलं. तुझ्या डॉक्टरांनी ह्यावरूनच ओळखलं असणार आणि मलम देऊन घरी न पाठवता रक्त तपासलं, ह्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

आता हे बाइल ॲसिड म्हणजे काय. ॲसिड शब्दाला घाबरू नकोस, साबण समज. तुपाचं भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो, तसंच जेवणातलं तेलतूप आतड्यात फोडून पचायला हा साबण लागतो. लिव्हरच्या पेशी तो कोलेस्टेरॉलपासून बनवतात, हो, तेच बदनाम कोलेस्टेरॉल, आणि मग त्याला ग्लायसीन नाहीतर टॉरीन जोडतात म्हणजे तो पाण्यात नीट विरघळतो. अख्ख्या शरीरात मिळून हा माल २ ते ४ ग्रॅम, चमचाभरसुद्धा नाही. मग दिवसभराच्या जेवणाला पुरतो कसा? तर तोच तो परत वापरला जातो. तासगाव-सांगली एसटी बघतेस ना, दिवसभर फेऱ्या असतात म्हणून दर फेरीला काही नवी गाडी येत नाही, त्याच गाड्या जातात आणि येतात. लिव्हर हा डेपो. तिथून सुटायचं, पित्तनळीतून आतड्यात, काम करायचं, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ९५ टक्के माल परत उचलला जातो आणि रक्तातून पुन्हा लिव्हरला. दिवसाला अशा ६ ते १० फेऱ्या. जे थोडं शौचावाटे जातं तेवढंच, साधारण अर्धा ग्रॅम, लिव्हर रोज नवीन बनवतं.

आता खरी जागा आली. लिव्हरच्या प्रत्येक पेशीला दोन बाजू असतात, एक रक्ताकडची, दुसरी पित्ताच्या बारीक नाल्यांकडची. रक्ताकडून आत घ्यायचं दार आहे त्याला एनटीसीपी म्हणतात (हेच दार हिपॅटायटिस बीचा व्हायरस आत शिरायला वापरतो, ते २०१२ साली कळलं, त्या वर्षी वर्गात सांगताना माझ्या अंगावर काटा आला होता). आणि नाल्याकडे बाहेर टाकायचा पंप आहे, त्याचं नाव बीएसईपी. आत येणं तसं सोपं. बाहेर काढणं अवघड, कारण नाल्यात आधीच पेशीपेक्षा कितीतरी पटीने जास्त बाइल ॲसिड भरलेलं असतं, सणाच्या गर्दीत स्टँडवर भरलेल्या गाडीत अजून माणसं कोंबायची तसं, त्याला ताकद लागते, पंप एनर्जी खर्च करून ते काम करतो. शिवाय पेशीच्या आत एक राखणदार बसलेला असतो, एफएक्सआर. गॅसवर दूध ठेवून कुणाला तरी तिथे उभं करतो ना आपण, तसा. बाइल ॲसिड वाढायला लागलं की तो नवीन बनवणं कमी करतो, आत घ्यायचं दार जरा ओढून घेतो आणि बाहेरचे पंप वाढवतो. फार सुंदर व्यवस्था आहे ही, पण शिकवायला बसले की पोरं जांभया द्यायची.

पोटुशीपणाच्या शेवटी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन इतके वाढतात की त्यांच्यापासून तयार होणारे पदार्थ त्या बाहेरच्या पंपाच्या आड येतात आणि राखणदारालाही पेंग आणतात. बहुतेक बायकांचं लिव्हर हे निभावून नेतं. काहींच्या जीन्समध्ये ह्या पंपांच्या बाबतीत थोडा फरक जन्मापासून असतो, एरवी आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही, ह्याच वेळी लागतो. मग माल बाहेर जाण्याऐवजी पेशीत तुंबतो आणि उलटा रक्तात येतो. ह्याला इंट्राहिपॅटिक कोलेस्टेसिस ऑफ प्रेग्नन्सी म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं आयसीपी म्हणतात. बघ ह्यात मिसळ कुठे आली? तेलकट कमी खाल्लंस तर पोटाला बरं वाटेल, खा कमी, पण पंप त्याने सुटणार नाही.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मला आवडला, डोळे पिवळे नाहीत मग लिव्हरचं कसं? कारण पिवळा रंग बाइल ॲसिडचा नसतोच. तो बिलिरुबिनचा, जुन्या लाल रक्तपेशी मोडतात त्यातून ते येतं आणि ते लिव्हरमधून बाहेर पडतं ते वेगळ्या दाराने. तुझं ते दार चालू आहे म्हणून बिलिरुबिन नॉर्मल. आयसीपीत बहुतेक बायकांचे डोळे पिवळे होतच नाहीत, त्यामुळे पिवळं होईपर्यंत थांबू असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि माळ काविळीची, तुला कावीळ नाही, म्हणजे त्यांच्याच हिशोबाने माळ लागू पडत नाही की. नुसती माळ गळ्यात घातलीस तर मी भांडणार नाही, सासूबाईंचं मन राहील. पण ते लोक सोबत पुडी देतात, काढा देतात, कुणी नाकात थेंब सोडतात, ह्यातलं काही म्हणजे काहीच घ्यायचं नाही. आपल्या सांगलीची हळदसुद्धा भाजी-आमटीत असते तेवढीच, 'लिव्हरला चांगली' म्हणून कॅप्सूल मिळतात त्या नकोत, मिरीचा अर्क घातलेल्या असल्या कॅप्सूलनी काही माणसांच्या लिव्हरलाच इजा झाल्याची नोंद आहे. हळदीच्या पेठेजवळ राहून हे लिहितेय, शिव्या बसतील.

काविळीवरून एक. डॉक्टरांनी हिपॅटायटिसच्या टेस्ट केल्या का ते तू लिहिलं नाहीस, पुढच्या वेळी विचार. एसजीपीटी वाढण्याची कारणं अनेक असतात आणि दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ई गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत फार जड जातो. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली होती ती जुन्या लोकांच्या लक्षात असेल. पाणी उकळून प्यायचं, कुणी काही म्हणो. ताप, सारखी उलटी, जेवण बघूनच नको वाटणं, किंवा डोकं जोरात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं असं काही झालं तर ते खाजेच्या खात्यात टाकू नकोस, लगेच दवाखाना.

आता आकड्याकडे. इथे मी गोड बोलणार नाही आणि घाबरवणारही नाही. आयसीपीचा आईला त्रास म्हणजे खाज आणि झोपमोड, काळजी असते ती बाळाची, कारण आकडा फार चढला तर बाळ पोटातच दगावण्याची शक्यता वाढते. २०१९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात पाच हजारांवर अशा बायकांच्या नोंदी एकत्र करून हिशोब आला. बाइल ॲसिड ४० च्या खाली होतं त्यांच्यात असं हजारात १ च्या आसपास झालं, ४० ते ९९ मध्ये हजारात ३ च्या आत, आणि १०० च्या वर गेलेल्यांमध्ये हजारात ३४. नीट वाच. तुझा ५२ हा मधल्या खान्यात आहे आणि तिथला धोका कुठल्याही बाळंतपणात असतो त्याच्या फार वर नाही. उडी आहे ती १०० नंतर. म्हणूनच दर आठवड्याला तपासणी, तो खर्च काढण्याचा धंदा नाही, आकडा कुठल्या बाजूला चाललाय हे बघायला दुसरा मार्ग नाही. खाजेवरून ओळखता येत नाही, हेही लक्षात ठेव, खाज आणि आकडा हातात हात घालून चालत नाहीत, खाज कमी झाली म्हणून तपासणी बुडवायची नाही. आणि जेवल्यावर पित्ताची पिशवी रिकामी होते, सगळ्या गाड्या एकदम डेपोत येतात, आकडा चढतो, तेव्हा रक्त उपाशी द्यायचं की जेवून हे डॉक्टरांना विचार आणि दर वेळी तसंच दे, लॅबही शक्यतो तीच. नाहीतर एकदा उपाशी ४५ आणि एकदा जेवून ७० आलं की घरात नुसता गोंधळ.

गोळीबद्दल. उर्सो म्हणजे उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, नावात अस्वल आहे, लॅटिनमध्ये उर्सस म्हणजे अस्वल, कारण हे पहिल्यांदा अस्वलाच्या पित्तात सापडलं. आता ते कारखान्यात बनतं, सासूबाईंना सांगताना अस्वल वगळ. हेही एक बाइल ॲसिडच, पण सौम्य, आपल्या शरीरातही चिमूटभर असतं. पंपाला थोडा हातभार लावतं असा त्यामागचा विचार. गरोदरपणात ही गोळी बरीच वर्षं वापरात आहे, तेव्हा 'बाळाला बाधेल' ह्या भीतीत दम नाही. पण तिच्यावर फार भिस्तही ठेवू नकोस. ब्रिटनमध्ये ६०५ बायकांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ ला आले, खाज थोडीशी कमी, बाळाच्या बाबतीत खास फरक दिसला नाही. म्हणजे गोळी घे, खाजेला आराम पडला तर छानच, पण गोळी चालू आहे म्हणून तपासणी नको किंवा तारीख पुढे ढकलू असं होत नाही. सासूबाई म्हणतात गोळी नको, तुझा नवरा उद्या म्हणेल गोळी आहे ना मग घाई कशाला, दोन्हीकडून निसटायची वाट आहे ती.

आणि ३८वा आठवडा. तुझ्या पत्रातली खरी भीती इथेच आहे, ती तुझी नाही, सासूबाईंची आहे आणि ती खुळचट नाही. त्यांनी एक नातू काचेत बघितलाय. दवाखान्याचं बिलही बघितलं असेल. लवकर बाळंतपणाचे तोटे असतातच, ते डॉक्टरही नाकारत नाहीत. पण ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ मुदतीतलंच धरतात, ३८व्या आठवड्यातलं बाळ म्हणजे 'कच्चं' नव्हे. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ ला जी तत्त्वं दिली त्यात बाइल ॲसिड ४० च्या खाली असणाऱ्यांनी चाळीसाव्या आठवड्यापर्यंत थांबलं तरी चालेल, ४० ते ९९ वाल्यांनी ३८-३९ आठवड्यांचा विचार करावा आणि १०० च्या वर असेल तर ३५-३६ आठवडे असं आहे. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेली तारीख ह्यात बसते, त्यांनी काही मनाची काढलेली नाही. आणि कळा आणणं म्हणजे सिझर नव्हे, हे घरात मोठ्याने दोनदा सांग. जावेचं सिझर कशामुळे झालं होतं ते कुणालाच नीट माहीत नाही असं तूच लिहिलंयस, मग तिची गोष्ट तुझ्या गळ्यात कशाला?

तू विचारलंस कुणाचं ऐकू. मला हा प्रश्नच जरा वाकडा वाटतो, कारण सासूबाईंनी रिपोर्ट बघितलेलाच नाही, त्यांना कुणी तो समजावूनही सांगितलेला नाही, त्यांना कळलंय ते एवढंच की सुनेला खाज सुटलीये आणि डॉक्टर बाळ लवकर काढतो म्हणतोय. मीही विरोधच केला असता. पुढच्या तपासणीला त्यांना फोनवर घे, स्पीकर लाव, आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर तीन प्रश्न विचार: आकडा १०० च्या वर गेला तर काय करणार, तसाच राहिला तर काय, आणि कळा आणल्यावर सिझरची वेळ कधी येते. त्यांचे प्रश्नही त्यांना विचारू देत, त्या बाळाच्या आजी आहेत, शत्रू नाहीत. आणि त्या चाकणच्या गृहस्थांना सांग एक दिवस रजा टाकून या. फोनवरून 'आई म्हणते तसं कर' म्हणायला काही लागत नाही, दवाखान्यातल्या संमतीच्या कागदावर सही करायला मात्र त्यालाही बोलावतील.

बाकी रोजचं. बाळाची हालचाल हा तुझा सगळ्यात मोठा पहारा. रोजच्यासारखी जाणवली नाही तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, सांगली गाठायची, सकाळपर्यंत बघू नाही, गोड खाऊन कुशीवर पडून बघू नाही. तुमच्या गावापासून पंचवीसेक किलोमीटर असेल, गाडी कुणाची ते आजच ठरवून ठेव, १०८ चा नंबर आईलाही पाठ असू दे. शेवटचे आठ-दहा दिवस सांगली-मिरजेत कुणा नातेवाइकांकडे राहता आलं तर मी तेच करेन. बाळंतपण जिथे करणार तिथे लहान बाळांचे डॉक्टर आणि काचेची सोय आहे ना, एवढं विचारून घे. शौच पांढुरकी, तुपकट व्हायला लागली तर सांग, कारण साबण आतड्यात पोचला नाही की के व्हिटॅमिन शोषलं जात नाही आणि रक्त थांबायला ते गरजेचं असतं, गरज वाटली तर डॉक्टर ते देतील.

खाजेला: आई कढत पाण्याने न्हाऊ घालत असेल तर बंद, उष्णतेने खाज वाढते. गार पाणी, झोपताना तळपायांवर ओलं फडकं, सुती कपडे, नखं बारीक कापलेली. मेंथॉलचं लोशन डॉक्टरांना विचारून लाव. ॲलर्जीची गोळी दिली तर तिने झोप येईल, खाजेचं मूळ जाणार नाही. आमसुलाचं पाणी लावायचंच असेल तर लाव बाई, गार लागतं, आईलाही काहीतरी केल्यासारखं वाटेल.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना, शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात तळपाय खाजत असतील तर 'पोट ताणलं की खाज येतेच' म्हणून सोडू नका, पोटावरची खाज वेगळी. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला आणि खाज चालूच राहिली तरी पुन्हा तपासा, कधी कधी खाज आधी येते आणि आकडा मागून.

बाळंतपण झालं की हार्मोन उतरतात, पंप सुटतो, खाज बहुतेक वेळा काही दिवसांत जाते. अंगावर पाजायला काही अडचण नाही. सहा आठवड्यांनी लिव्हरची तपासणी एकदा कर, तेव्हाही आकडे उतरले नसतील तर पुढे शोधावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या झाल्या तर आधी सांगायचं की मला आयसीपी झालं होतं, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. पुढच्या खेपेला हे परत होण्याची शक्यता बरीच असते, ही फाइल जपून ठेव. आणि आईला एकदा निवांत विचार, तुझ्या वेळी तिचे तळपाय रात्री खाजत होते का. तेव्हाही आमसूलच लावलं असणार, म्हणून कुणाच्या लक्षात नाही. हे घराण्यातून येऊ शकतं, आणि तुला धाकटी बहीण आहे म्हणालीस.